बर्था बेन्झ : गाडीला पाणी पाजत केलेला पहिला प्रवास

महाडहून निघालेली गाडी वीसएक किलोमीटर अंतर कापून पोलादपूरला पोचते, तेव्हा चालकापुढे दोन चढ उभे असतात. दक्षिणेला खेडकडे नेणारा कशेडीचा घाट आणि पूर्वेला, प्रतापगडाला वळसा घालत महाबळेश्वरला चढणारा आंबेनळीचा घाट. कशेडीच्या डोंगरात बोगदा झाला, २०२३पासून टप्प्याटप्प्याने त्यातून वाहतूक सुरू झाली आणि तो चढ आता बराचसा चुकवता येतो. आंबेनळीचा मात्र चुकत नाही. पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. चाळीसेक किलोमीटरांत एवढी उंची गाठायची, तीही खालच्या गिअरमध्ये आणि सुट्टीचे दिवस म्हणून नेमकी मे महिन्याच्या उन्हात. वळणावर बॉनेट उघडून उभी असलेली गाडी, तिच्यातून निघणारी वाफ आणि बाटलीतले पिण्याचे पाणी तिला द्यावे की मुलांना, या विवंचनेतले कुटुंब हे दृश्य घाटवाटांना नवे नाही.

मोटारगाडीला इंधनाइतकीच पाण्याचीही तहान असते, हे सत्य जगात सर्वप्रथम लांबच्या रस्त्यावर ज्या व्यक्तीच्या वाट्याला आले, ती व्यक्ती म्हणजे बर्था बेन्झ. मोटारीचा जनक म्हणून ज्याचे नाव शाळेच्या पुस्तकांत असते त्या कार्ल बेन्झची ही पत्नी. ऑगस्ट १८८८मध्ये दोन मुलांना बरोबर घेऊन तिने केलेला शंभरावर किलोमीटरांचा प्रवास हा मोटारीचा पहिला लांब पल्ल्याचा प्रवास मानला जातो. या प्रवासाची गोष्ट सांगताना तिच्या टोपीची पिन आणि मोज्याचा पट्टा यांचे कौतुक हमखास होते. पण त्या प्रवासात वाटेवर पुन्हापुन्हा करावे लागलेले काम याहून साधे होते. ते म्हणजे इंजिनात पाणी ओतणे.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील बाडेन प्रांतातल्या फोर्झहाइम गावचा. वडील सुतारकामातून पुढे आलेले, बांधकामाच्या व्यवसायात पैसा मिळवलेले गृहस्थ. घरच्या बायबलमध्ये तिच्या जन्माची नोंद करताना पुन्हा मुलगीच झाली अशी खंत वडिलांनी लिहून ठेवली होती आणि पुढे लहानग्या बर्थाच्या ती वाचनात आली, असे तिचे चरित्रकार सांगतात. मुलींच्या त्या काळच्या शाळेत तिचे शिक्षण झाले. यंत्रांची ओढ होती, पण विद्यापीठाचे दरवाजे मुलींना बंद होते. १८६९च्या उन्हाळ्यात एका सहलीत तिची कार्ल बेन्झशी गाठ पडली. आगगाडीच्या इंजिनचालकाचा हा मुलगा अभियंता झाला होता. खिसा रिकामा आणि डोक्यात घोड्यावाचून चालणारी गाडी.

कार्लने १८७१मध्ये मानहाइम येथे आउगुस्ट रिटर या भागीदाराबरोबर एक छोटा कारखाना काढला. भागीदार बेभरवशाचा निघाला. धंदा बुडण्याची वेळ आली तेव्हा बर्थाने आपल्या वडिलांकडून हुंड्याची रक्कम लग्नाआधीच मागून घेतली आणि तिच्या जोरावर रिटरचा वाटा विकत घेऊन त्याला बाजूला करण्यात आले. लग्न झाले जुलै १८७२मध्ये. हुंड्याच्या पैशाने आपल्याकडे किती संसार मोडले याचा हिशेब निराळा. येथे मात्र त्या पैशाने एक कारखाना तरला. यातली विसंगती अशी की, पैसा तिचा असला तरी लग्नानंतर त्या काळच्या कायद्याने तिला नवऱ्याच्या धंद्यात स्वतंत्र स्थान नव्हते. कागदोपत्री ती कुठेच नव्हती.

पुढची काही वर्षे ओढगस्तीची होती. १८७७मध्ये कर्जफेड थकली आणि कारखान्यातील सामानावर टाच आली. घरात लहान मुले. कार्लने दोन धावांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक, इंजिनावर सारी आशा लावली होती. पण ते काही केल्या चालत नव्हते. १८७९च्या अखेरच्या रात्री जेवणे झाल्यावर बर्थाने आणखी एकदा प्रयत्न करून पाहण्याचा आग्रह धरला. दोघे कारखान्यात गेले आणि इंजिन सुरू झाले. या एका रात्रीची हकीगत बेन्झ कुटुंबाने जन्मभर जपली, हे साहजिकच म्हणावे लागेल. १८८३मध्ये नव्या भागीदारांसह बेन्झ आणि कंपनी उभी राहिली आणि २९ जानेवारी १८८६ रोजी कार्लने तीन चाकांच्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज दाखल केला. ३७४३५ क्रमांकाचे हे पेटंट मोटारगाडीचा जन्मदाखला समजले जाते.

या गाडीच्या इंजिनाकडे जरा बारकाईने पाहायला हवे, कारण पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ तेथे आहे. एकच सिलिंडर, आडवा ठेवलेला, जेमतेम एक लिटरचा आणि ताकद पाऊण अश्वशक्तीची. इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेचा थोडा भागच चाकांपर्यंत पोचतो. बाकीची उष्णता होते. आजच्या सुधारलेल्या पेट्रोल इंजिनातही ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा गती देते, तेवढीच धुराबरोबर जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ती बाहेर काढली नाही तर वंगण जळते, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकून बसतो. कार्लने सिलिंडरभोवती पाण्याचे वेष्टण ठेवले आणि वर पाण्याचे भांडे. सिलिंडर तापला की पाणी उकळायचे, वाफ हवेत जायची आणि वाफेबरोबर उष्णताही. पंप नाही, पंखा नाही, रेडिएटर नाही.

ही रचना बाळबोध वाटते, पण ती अडाणी नव्हती. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास जेवढी उष्णता लागते, त्याच्या सहापटीहून अधिक उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ होताना लागते. म्हणजे थोड्या पाण्यात मोठे काम होते. अडचण एवढीच की, गेलेली वाफ परत येत नाही. कारखान्यातील एका जागी बसवलेल्या इंजिनाला याचे काही वाटत नाही, नळ शेजारीच असतो. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा नळ कोठे?

१८८६च्या जुलैमध्ये मानहाइमच्या रस्त्यावर गाडी जाहीरपणे चालवून दाखवण्यात आली. वर्तमानपत्रांत बातमी आली, बघ्यांची गर्दी झाली, गिऱ्हाईक मात्र येईना. कार्ल हा परिपूर्णतेचा ध्यास घेतलेला माणूस. गाडीत सतत काहीतरी बदलत बसे. गावातल्या गावात फेऱ्या मारण्यापलीकडे तिची परीक्षा झालीच नव्हती. लोकांना प्रश्न पडे तो साधा होता : ही वस्तू घेऊन आम्ही जाणार कोठे? या प्रश्नाला उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नव्हते, हे बर्थाने ओळखले. माझ्या मते मोटारीच्या इतिहासात तिचे खरे श्रेय या ओळखण्यात आहे, धाडस त्यानंतरचे.

शाळेला सुट्टी होती. १५ वर्षांचा ऑयगन आणि १३ वर्षांचा रिशार्ड या दोन मुलांना घेऊन बर्था पहाटे घरातून निघाली. नवऱ्याला सांगितले नाही. जायचे होते माहेरी, फोर्झहाइमला. गाडी होती सुधारलेली तिसरी आवृत्ती. अंतर साधारण १०६ किलोमीटर, म्हणजे आपल्याकडे पेणहून पोलादपूरला येण्याइतके. रस्ते बैलगाड्या आणि घोडागाड्यांचे, कच्चे. वाटेत पेट्रोलपंप नव्हता, कारण जगात तो कोठेच नव्हता.

वाइनहाइम, हायडेलबर्ग करीत गाडी वीसलोख गावी पोचली तोवर इंधन संपत आले होते. लिग्रोइन नावाचा पेट्रोलसदृश द्रव त्या काळी कपड्यांवरचे डाग काढायला औषधांच्या दुकानात मिळे. बर्थाने तेथील औषधविक्रेत्याकडून तो विकत घेतला. वीसलोखचे हे दुकान आज जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून मिरवते आणि त्यात वावगे काही नाही. इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे आवरण झिजले तेथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. ताणलेली साखळी लोहाराकडून नीट करून घेतली. उतारावर लाकडी ब्रेक निकामी होऊ लागले तेव्हा बाउश्लोट गावच्या चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याची ती सुरुवात मानतात.

या साऱ्या एकदाच्या घटना. पाण्याचे तसे नव्हते. भांड्यातील पाणी वाफ होऊन उडत राहायचे आणि दर थोड्या अंतरावर थांबून ते भरावे लागायचे. खानावळीची विहीर, गावचा हौद, ओढा, जेथे पाणी दिसेल तेथे थांबा. मुले उतरत, पाणी आणत, ओतत. गाडी पुन्हा सुटे. चढ आला की तहान वाढे, कारण तेथे इंजिन पूर्ण ताकदीने राबत असे आणि गाडीचा वेग मात्र माणसाच्या चालीवर आलेला असे. फोर्झहाइमच्या अलीकडच्या टेकड्यांवर तर ताकदच अपुरी पडली आणि गाडी ढकलावी लागली. घाटात गाड्या का तापतात, याचे उत्तर याच प्रसंगात आहे. काम जास्त, वारा कमी.

अंधार पडताना तिघे फोर्झहाइमला पोचले. बर्थाने तारेने नवऱ्याला खुशाली कळवली. काही दिवसांनी दुसऱ्या, थोड्या जवळच्या वाटेने ती त्याच गाडीतून परतली. येताना तिने आणलेली खरी भेट म्हणजे तक्रारींची यादी. गाडीला चढासाठी आणखी एक गिअर हवा, ब्रेकला चामडे हवे. कार्लने तिच्या सूचना मानल्या. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळाले आणि हळूहळू विक्री सुरू झाली, प्रथम फ्रान्समध्ये. १८९९ या एका वर्षात बेन्झ कंपनीने ५७२ गाड्या बनवल्या. त्या वेळी जगात एवढ्या गाड्या दुसरे कोणी बनवत नव्हते.

पाण्याचा प्रश्न मात्र बेन्झच्या घरी सुटला नाही. तो सोडवला प्रतिस्पर्धी डेमलर कंपनीच्या विल्हेल्म मायबाखने. १९००च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझ गाडीत त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. आठ हजारांवर बारीक चौकोनी नळ्या एकत्र जोडलेल्या. नळ्यांतून हवा जायची, त्यांच्या फटींतून पाणी फिरायचे. मागे पंखा. पाण्याची वाफ करून उष्णता फेकण्याऐवजी तेच पाणी थंड करून पुन्हा फिरवायचे, हे तत्त्व येथून रूढ झाले आणि लागणारे पाणी निम्म्यावर आले. पुढे झाकण दाबाचे झाले, त्यामुळे पाणी शंभर अंशांवरही उकळेना. १९२०च्या दशकात पाण्यात ग्लायकॉल मिसळण्याची पद्धत पसरली आणि आज आपण ज्याला कूलंट म्हणतो ते मिश्रण आले.

दोन्ही कंपन्या १९२६मध्ये एक झाल्या आणि मर्सिडीझ-बेन्झ हे जोडनाव जन्मले. यातली मर्सिडीझ ही एमिल येलिनेक या व्यापाऱ्याची मुलगी. गाडी घडवण्याशी तिचा संबंध नव्हता, नाव तेवढे तिचे. बेन्झ हे बर्थाचे सासरचे आडनाव. जिचा पैसा आणि जिचे कष्ट यात गेले तिचे स्वतःचे नाव गाडीवर कोठेच नाही.

हे जोडनाव आपल्या घाटांतही आले. १९५४मध्ये टेल्को आणि डेमलर-बेन्झ यांचा १५ वर्षांचा करार झाला आणि रेडिएटरच्या जाळीवर तीन टोकांचा तारा मिरवणारे टाटा-मर्सिडीझ-बेन्झ ट्रक भारतीय रस्त्यांवर धावू लागले. त्या पिढीतले ट्रक-बसचालक घाट चढण्याआधी पाणी पाहिल्याशिवाय पुढे जात नसत. गाडीत पाण्याचा डबा असे आणि तो रिकामा ठेवणाऱ्या क्लिनरची धडगत नसे. आजच्या गाड्यांची शीतन व्यवस्था बंदिस्त असल्याने पाणी उडून जात नाही, त्यामुळे ते पाहण्याची सवयही गेली. पोलादपूरला चहासाठी थांबणारे किती जण बॉनेट उघडतात?

वास्तविक हे काम दोन मिनिटांचे आहे, फक्त ते चहाच्या थांब्यावर नव्हे, सकाळी निघताना करायचे. इंजिन थंड आणि गाडी सपाट जागी असावी. बॉनेटखाली अर्धपारदर्शक प्लास्टिकची छोटी टाकी असते, तिच्यावर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. कूलंट त्यांच्या मध्ये दिसले म्हणजे झाले. खाली गेले असेल तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट घालावे. केवळ हिरवा-गुलाबी रंग पाहून ठरवू नये, कारण रंगावरून प्रकार खात्रीने कळत नाही. दाट स्वरूपात मिळणारे कूलंट बहुधा निम्म्यास निम्मे शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड, पाण्यात मिसळायचे असते. तयार मिश्रण मिळते त्यात पाणी घालायचे नसते.

कोकणात बर्फ पडत नाही, मग पाणी न गोठू देणारे हे औषध कशाला, असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. तो चूक आहे. निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा सहा-सात अंशांनी अधिक असतो आणि झाकणाच्या दाबामुळे तो आणखी वर जातो. उंचीवर साधे पाणी लवकर उकळते. महाबळेश्वरच्या उंचीवर ते ९५-९६ अंशांनाच उकळू लागते. शिवाय कूलंटमधील रसायने आतला धातू गंजू देत नाहीत. विहिरीच्या वा नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक वाटांत थर धरतात, ते दिसत नाहीत आणि मग एखाद्या मे महिन्यात आंबेनळीच्या वळणावर दिसतात.

चढावर तापमानाचा काटा चढू लागला तर वातानुकूलन बंद करावे आणि हीटर पूर्ण सोडावा. उकाडा सोसावा लागतो, पण इंजिनातली बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. काटा तरीही उतरला नाही तर सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. आत दाबाखालचे द्रव शंभर अंशांच्या वर असते; झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर, हातांवर येते आणि गंभीर भाजते. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास सिलिंडरचे डोके तडकू शकते. पूर्ण निवाल्यावर, जवळ दुसरे काही नसेल तर, स्वच्छ साधे पाणी घालून गावापर्यंत येता येते; मग मिश्रण बदलून घ्यावे. टाकी पुन्हापुन्हा रिकामी होत असेल तर भरत राहणे हा उपाय नव्हे. नळी, रेडिएटर, पाण्याचा पंप किंवा हेड गॅस्केट यांपैकी कोठेतरी गळती आहे. बर्थाच्या गाडीत पाणी संपणे हा नियम होता, आजच्या गाडीत तो आजार आहे.

बर्थाचे उत्तरायुष्य मानहाइमजवळच्या लाडेनबुर्ग गावी गेले. १९०३मध्ये कार्ल कंपनीच्या दैनंदिन कारभारातून बाहेर पडला आणि १९०६मध्ये त्याने मुलांसह लाडेनबुर्गला स्वतंत्र कारखाना काढला. पहिल्या महायुद्धानंतरच्या भयंकर चलनवाढीत या कुटुंबाची बरीच पुंजी विरघळून गेली. ४ एप्रिल १९२९ रोजी कार्लचे निधन झाले. पाच मुलांची आई असलेली बर्था त्यानंतर १५ वर्षे त्याच घरात राहिली. कार्लचे कौतुक होत राहिले, पुतळे उभे राहिले. तिच्याकडे बहुतेक जण पाहत ते त्याची विधवा म्हणून.

३ मे १९४४ रोजी, वयाची ९५ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, कार्लस्रुहच्या तंत्रविद्यापीठाने तिला सन्माननीय सिनेटरपद दिले. कार्ल याच संस्थेत शिकला होता. तिच्या तरुणपणी मुलींना तेथे प्रवेश नव्हता. दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, लाडेनबुर्गच्या घरी तिने डोळे मिटले. तिच्या प्रवासाच्या त्या वाटेला २००८मध्ये अधिकृतपणे बर्था बेन्झ स्मृतिमार्ग असे नाव मिळाले आणि मानहाइमपासून फोर्झहाइमपर्यंत तशा पाट्या लागल्या.